हळद थांबवणारी लक्ष्मी

कल्याणच्या खाडीकाठच्या त्या गावात लक्ष्मीने धवला धरल्याशिवाय एकाही नवरीला हळद लागत नसे. धवले म्हणजे लग्नातल्या विधींची गाणी, ती गाणारी ती धवलारीण, आणि आगऱ्यांच्या मांडवात तिचा मान मोठा. लक्ष्मी विधवा होती, पण मांडवात तिला कुणी बाजूला हो म्हणत नसे. एरवी तिची विचारपूस करायला कुणाला सवड नव्हती. जमिनी बिल्डरला गेल्यापासून गाव फार कामात होतं. नव्या गाड्या धुवायला वेळ लागतोच.

कृतिका तिच्याकडे यायला लागली तेव्हा सोळा वर्षांची होती. आई गेलेली, आणि बाप नयन संध्याकाळनंतर शुद्धीत सापडायचा नाही. कॉलेजात एका मुलीला मारलं म्हणून तिला काढून टाकलेलं. लक्ष्मीच्या ओटीवर कुणी प्रश्न विचारत नाही, एवढ्यासाठी ती तिथे येऊन बसायची. लक्ष्मीने उपदेश केला नाही, सोबत गायला लावलं.

"आवाज दे गो पोटातला. भांडतेस तवा तर बरा निघतो."

पोरगी आधी हसली, मग गायली, मग एक दिवस गाता गाता ढसाढसा रडली. वर्षभरात तिची मारामारी सुटली. लक्ष्मी मागे लागली म्हणून ती बारावीला बसायला तयार झाली. लक्ष्मीला पोटची पोर नव्हती, आणि ही पोर तिला आपली वाटू लागली, हे गावालाही दिसत होतं.

अठरावं लागलं तसं नयनने धंद्यातल्या भागीदाराच्या मुलाशी तिचं लग्न ठरवलं. कृतिका धावत ओटीवर आली.

"आजी, मना नको तो. पप्पा ऐकतच नाय."

"मंग मांडवात सांग. धवला धरायच्या आधी मी तुला इचारीन. नाय म्हणालीस तर मी तोंड उघडणार नाय."

हळदीला लक्ष्मीने भर मांडवात विचारलं. कृतिका नको म्हणाली. लक्ष्मी गप्प बसली. नयन ओरडला, त्याने डीजे लावायला सांगितला, पण धवल्यावाचून हळदीला हात लावायची एकाही बाईची छाती झाली नाही. नवऱ्याकडची माणसं उठून गेली.

कृतिका सुटली. ठाण्याला वर्तकनगरात मावशीकडे राहिली, शिकली, पुढे घोडबंदर रोडला एका ऑफिसात नोकरीला लागली. नयनला जाब विचारायची गावात हिंमत नव्हती, कृतिका हाताशी नव्हती, म्हणून सगळ्यांनी मिळून लक्ष्मीला धरलं. जिने हळद थांबवली तिला आपल्या मांडवात कोण घेईल? एकेक घर तिला वगळू लागलं. शेजारच्या लग्नातला डीजे ऐकत ती दार लावून बसायची. कृतिकाचा फोन यायचा तेव्हा म्हणायची, बरं चाललंय.

पाच वर्षांनी कृतिका पेढे घेऊन आली. तिने स्वतः निवडलेला मुलगा, आगऱ्यांतलाच, ठाण्याचा. लक्ष्मीला हर्ष झाला. तिने ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढून मांडीवर ठेवलं.

"हळद कवा हाय?"

कृतिकाने लुगड्याकडे पाहिलं. "आजी, तू लग्नाला ये, जेवायला ये. हळदीला नको. त्यांच्याकडे कुणीतरी ते सगळं सांगितलंय. सासूबाईंना चालणार नाय."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? सगळं जुळून आलंय, आजी."

ज्या नकारासाठी लक्ष्मीने सगळं गाव गमावलं, तो या पोरीला एका सासूपुढे तोंडातून काढता आला नव्हता.

"धवला गाणार कोण?" तिने विचारलं.

"तुझेच लावणार हायत. तेव्हा मोबाइलवर रेकॉर्ड केलेले ना मी, इथे ओटीवर. सासूबाईंना आवाज फार आवडला. कुणाचा ते नाय सांगितलं मी."

लक्ष्मीने लुगडं बाजूला सारलं. "माझा आवाज त्या मांडवात लावायचा नाय."

"ते पाठवून झालेत, आजी," कृतिका म्हणाली आणि पेढ्यांचा बॉक्स तिच्या जवळ सरकवला.