महादेवरावांची पहिली हाक

नाचणगावात महादेवरावांच्या आवाजाला तोड नाही, असं लोक म्हणत. म्हणणाऱ्यांत महादेवराव स्वतः सगळ्यात पुढे. सात एकर कपाशी, एक बैलजोडी आणि हा आवाज, एवढीच त्यांची इस्टेट. त्यातला आवाज तेवढा कधी नापिकीत गेला नाही.

पोळ्याला गावात घरोघरी दाराशी पळसाचे मेढे ठेवतात, म्हणजे पानांसकट फांद्या. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उचलून सारं गाव वेशीबाहेर निघतं. एकानं संकटाचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी पीडा वाहून नेणाऱ्या मारबतीला ओरडून सांगायचं, "घेऊन जा गे मारबत!" मग मेढे फेकायचे आणि मागं न पाहता घर गाठायचं. वळून पाहिलं की पीडा पाठोपाठ परत येते. यातली पहिली हाक मारण्याचा मान महादेवरावांच्या घराण्याचा.

हाक आपली, म्हणजे श्रेयही आपलंच, अशी त्यांची पक्की समजूत होती. शहात्तर साली गाव हिवतापानं फणफणलं. महादेवरावांनी हिवताप मारबतीसोबत धाडून दिला. पुढच्या महिन्यात सरकारी माणसं पाठीवर पंप घेऊन घरोघरी औषध फवारून गेली आणि ताप हटला. त्या बिचाऱ्यांना कोणी चहा विचारला नाही. महादेवराव मात्र वर्षभर मिशीला पीळ देत हिंडले.

त्यांचा एकुलता एक मुलगा श्रावण केंद्रीय राखीव पोलिसात लागला, आणि चौऱ्याऐंशीत त्याची तुकडी पंजाबात गेली. तेव्हापासून महादेवरावांना तिकडच्या बातम्यांशिवाय घास गिळवेना. पंच्याऐंशीच्या जुलैत दिल्लीचा तिथल्या अकाली नेत्यांशी समझोता झाला. सप्टेंबरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महादेवरावांनी वेशीबाहेर छाती फुगवून हाक दिली, "पंजाबातला आतंकवाद घेऊन जा गे मारबत!" पंधरवड्यात तिथली निवडणूक पार पडली आणि दिवाळीला श्रावण धडधाकट घरी आला. आता मिशीला कोण आवरणार?

"समझोता दिल्लीनं केला, महादेवराव," पानठेल्यावर अण्णाजी म्हणाले. हे निवृत्त गुरुजी. पेपर त्यांच्याच हातात, त्यामुळे जग त्यांच्याच ताब्यात. "सह्या झाल्या जुलैत. तुमी ओरडले सप्टेंबरात."

"मंग? झाडून ठेवलं दिल्लीनं, अन् वेशीबाहेर नेऊन फेकलं म्या. कचरा तिथंच पडून राह्यला असता तं घर साफ झालं असतं काय?"

अण्णाजी चष्मा पुसून पेपरात उत्तर शोधायला लागले.

पण वर्ष उलटायच्या आतच पेपरात पुन्हा धमक्या, पुन्हा गोळीबार सुरू झाला. समझोता कागदावर राहिला. श्रावणचं पत्र दोन महिने आलं नाही. शहाऐंशीचा पोळा चार दिवसांवर आला, तेव्हा शेजारी राहणारे किसनराव पानठेल्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "गेल्या सालले महादेवरावनं मागं वळून पाह्यलं, म्हणून पीडा परत आली. यंदा हाक दुसऱ्याले द्या."

महादेवराव तापले. "म्या वळून पाह्यलं, हे तुले कसं दिसलं रे? तू तं माह्या पुढं चालून राह्यला होता!"

पानठेला खो खो हसला. किसनरावांना पानाचा ठसका लागला. हाकेचा मान तूर्त वाचला.

घरी मात्र महादेवराव भाकरीचा तुकडा मोडून तसेच बसले. खरं सांगायचं तर त्यांनी वळून पाहिलं होतं. पीडा खरंच तिथं पडून आहे ना, एवढंच बघायचं होतं त्यांना. फेकलेल्या गोष्टीवर इतका अविश्वास बाप असल्याशिवाय कोणाला वाटत नाही.

"श्रावणची माय," ते बायकोला म्हणाले, "माह्या या मानेनं पोराचा घात केला तं?"

यशोदाबाई डोळे पुसून म्हणाल्या, "पंजाब केवढा दूर, अन् तुमची मान केवढी! जेवा मुकाट्यानं."

पोळ्याच्या दुपारी पत्र आलं. महादेवरावांनी ते न फोडताच अण्णाजींच्या हाती दिलं, आणि अण्णाजींनी ते अंगणात मोठ्यानं वाचलं. बैल सजवायचं सोडून किसनरावही कुंपणाशी येऊन उभे राहिले.

'बाबा, मी खुशाल आहे. आम्ही आहोत त्या गावात रात्री कोणी शाळेच्या भिंतीवर कागद लावून गेलं. पोलिसांना पाणी देईल त्याचं घर जाळू, असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळी दारं बंद. एका म्हातारीचं तेवढं उघडं होतं. ती रोज आमच्यासाठी घागर भरून ठेवते. तिचा मुलगा याच भानगडीत मेला. कोणाच्या गोळीनं, ते ती सांगत नाही. मी म्हटलं, माई, नका ठेवू पाणी, तर मलाच रागावली. गावात शांतता राखली म्हणून आमच्या साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. म्हातारीला कोणी काही विचारलं नाही.'

अण्णाजींनी पत्राची घडी घातली. आता महादेवराव काहीतरी आपल्या नावावर मांडतील म्हणून सगळे थांबले. महादेवराव उठले आणि बैलाच्या पाठीवरून नुसताच हात फिरवत राहिले.

"पोराले तहान लई लागते," यशोदाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाव वेशीबाहेर जमलं. महादेवरावांनी घसा खाकरला, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ते मागं सरले, आणि बायका उभ्या होत्या तिकडे वळून म्हणाले, "श्रावणची माय, पुढं ये. यंदा पहिली हाक तुयी."

"बाईची हाक?" कोणीतरी कुजबुजलं.

यशोदाबाई मेढा छातीशी धरून पुढे आल्या. चारचौघांत त्या कधी मोठ्यानं बोललेल्या नव्हत्या. पदर सावरून त्या कशाबशा म्हणाल्या, "त्या माईच्या दारची पीडा..."

आवाज चार पावलांपलीकडे गेला नाही. मागची माणसं 'काय म्हणाल्या?' म्हणून एकमेकांना विचारायला लागली. तेवढ्यात त्यांच्या मागून महादेवरावांनी बेंबीच्या देठापासून साथ दिली, "घेऊन जा गे मारबत!" लगेच किसनराव ओरडले, आणि आयुष्यात कधी या प्रकाराला न आलेले अण्णाजीसुद्धा.