पदर आड आल्यासारखं

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या डोक्यावरचा पदर ढळलेला मी पाहिला नव्हता. गोठ्यात धारा काढतानाही तो जागच्या जागी असे.

दोन वर्षांपूर्वी त्यांना कमी दिसू लागलं. तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू वाटतोय म्हणून थेंब दिले. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं, अशी एक तपासणीही केली. आत्यांनी बरेच ठिपके सोडून दिले. "ही नीट झालेली नाही, पुन्हा करायला घेऊन या," डॉक्टर म्हणाले. मी शिक्षिका, शाळेत परीक्षा तोंडावर आलेल्या. आणि म्हातारीला बटण दाबायला जमलं नाही, यापलीकडे मला त्यात काही दिसत नव्हतं. त्यांना मी पुन्हा नेलं नाही. थेंबांवर मात्र करडी नजर ठेवली.

एका सकाळी भाकरी थापता थापता आत्या म्हणाल्या, "दोन्ही कडंनी पदर आड आल्यावानी वाटतंय गं."

"मग मागं घ्या की, आत्या."

त्या हसल्या आणि खरंच मागं घेतला. मग काही दिवसांनी तो खांद्यावर आला. ओसरीवर पाहुणे बसलेले असले तरी यांचं डोकं उघडं. आत्या आता फॅशन करायला लागल्या, अशी मी घरभर थट्टा केली. त्या ओशाळून पदर घ्यायच्या आणि जरा वेळानं पुन्हा खाली सोडायच्या.

नजर कमी होतच गेली. गोठ्यात शिरताना खांद्याला खांब लागायचा. जेवताना ताटाशेजारची वाटी लवंडायची. मला वर्गातली खोड, उत्तर चुकलं की पोरानं अभ्यासच केला नाही असं वाटतं. एकदा शेजारणीसमोरच मी त्यांना बोलले, "तुम्ही थेंब घालतच नाही. खोटं बोलू नका माझ्याशी."

"घालती बाई. तुझ्या गळ्याची आण."

आण घेतात म्हणजे नक्की काहीतरी लपवताहेत, एवढी मी हुशार. तो प्रसंग आठवला की अजूनही मला माझीच किळस येते.

शेवटी नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी बटणाची तपासणी पुन्हा करवली. निकालाच्या कागदावर दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या, न दिसणाऱ्या बाजू काळ्या आल्या, मधोमध रेघ मारून रंगवाव्यात तशा. काचबिंदूत सहसा असं होत नाही, म्हणून त्यांनी मेंदूचा एमआरआय करायला लावला. मेंदूच्या बुडाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात नेमक्या तिथं गाठ निघाली. कर्करोगाची नव्हती, पण वाढता वाढता नसा दाबत होती. आत्यांनी इमानेइतबारे घातलेल्या थेंबांचा तिच्यावर काडीचाही उपयोग नव्हता.

नाकावाटे ऑपरेशन करून गाठ काढली. समोरचं थोडं उजळलं, बाजूचं आलं नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाई म्हणाल्या, "नसा फार दिवस दबून राहिल्या. आता याहून जास्त दिसेल असं वाटत नाही. बाजूचं दिसत नाही असं या आधी कधी बोलल्या नव्हत्या का?"

प्रश्न मला होता. काय सांगायचं ते मला पुरतं ठाऊक होतं. आत्यांनी हात चाचपत माझा गुडघा शोधला आणि दाबला.

"न्हाई हो. मीच कुणाला काई बोलले न्हाई. ही तर लई जपती मला."

"असं अंगावर काढू नये, आजी. वेळेवर सांगितलं असतं तर नजर वाचली असती."

आत्यांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. मी त्यांना ऐकून घेऊ दिलं.