सोमाभाऊच्या पिशवीतला डबा

वसतिगृहाच्या फोनवर सोमाभाऊच्या मेव्हण्यानं एवढंच सांगितलं की त्याला गावासमोर काठ्यांनी मारून टाकलं, पिशवीत पोलिसांचा वायरलेस सापडला म्हणून. कोणता वायरलेस, असं मी विचारलं खरं... पण विचारतानाच मला कळलं होतं.

सोमाभाऊ गडचिरोलीच्या जंगलातल्या गावातून पुण्याच्या प्रयोगशाळेत आलेला, माझ्याहून चार वर्षं पुढे. मी ब्रह्मपुरीकडचा, तलावात मासे धरणाऱ्यांच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. जिवंत पेशीतला वीजप्रवाह मोजायला त्यानंच मला शिकवलं. काचेची बारीक नळी पेशीला टेकवायची, तोंडानं हळूच हवा ओढून घट्ट चिकटवायची, मग एक झटका, की पेशीचं आवरण फाटतं. त्यानंतर ॲम्प्लिफायरचे नॉब. पडद्यावर उसळलेली टोकं एकेक नॉब फिरवून सपाट करायची, नळी प्रवाहाला जो अडथळा करते त्याची भरपाई थोडी थोडी वाढवायची. जरा जास्त झाली की पडद्यावरची रेष थरथरते आणि पेशी मरते. मी दिवसाला दहा मारत होतो.

"मासोळी जाळ्यात आली का वढाची, तेच करून राह्यला तू," तो हसायचा. "रेष कापाले लागली का मांगं ये."

नळी एका लहानशा धातूच्या डब्यात बसवलेली असते. त्याला हात लावण्याआधी तो यंत्राभोवतीच्या लोखंडी पिंजऱ्याला लावायचा, अंगातली वीज उतरवायची, हा त्याचा नियम. फेब्रुवारीत मी स्वेटर घालून घाईत तो विसरलो. बोटातून ठिणगी उडाली आणि डबा जळाला. मला प्रयोगशाळेत ठेवायचं की नाही, हे सर पुढच्याच आठवड्यात ठरवणार होते. सोमाभाऊनं डबा वायरीसकट टॉवेलात गुंडाळला. आधी आईला भेटतो, येताना चंद्रपूरच्या रेडिओवाल्याकडून दुरुस्त करून आणतो, सरांना सांगू नकोस, म्हणाला.

तो मेला तेव्हा सर म्हणाले, सोमानं न विचारता सामान नेलं. मी गप्प राहिलो.

तीन आठवड्यांनी त्याच्या गावी गेलो. आईनं त्याच्या खाटेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. जंगलातून बंदुका घेऊन आलेल्या माणसांनी आधी त्याची बोटं दगडावर ठेवून ठेचली, वायरीच्या दुसऱ्या टोकाला कोण बोलतं ते सांग म्हणून. मग पाय. मग डोकं. ती मध्ये पडली तर तिलाही लाथ बसली. डबा कोणाचा, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं.

"माहा व्हय, एवढंच म्हणे तो," आई म्हणाली. "खरंच त्याचा होता का, बाबू?"

मी सांगितलं. मी जाळला, माझ्यासाठी त्यानं लपवला, आणि तिकडे पुण्यात त्याला चोर म्हणतात, तेही.

"मले सांगून का होते? जे त्याले चोर म्हणून राह्यले, त्याइले सांग," ती म्हणाली.

परत आल्यावर सरांना सगळ्यांदेखत सांगितलं. माझं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही. ॲम्प्लिफायरशेजारी एक वही असते. तिच्यात पानंच्या पानं सोमाभाऊचं तिरकं अक्षर आहे: कोणती पेशी, कोणता नॉब किती, किती मिनिटं जगली. त्याच्या शेवटच्या नोंदीखाली सरांनी लिहिलं होतं, 'डबा सोमाने नेला'. त्याखाली मी लिहिलं, 'जळालेला होता. माझ्या हातून.' आणि सही केली.