आईची बहीण

परक्या देशात शुभवर्तमान सांगायला निघालेल्या माणसाशी लग्न केलं की काय काय वाट्याला येतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आमचे पाळकसाहेब, म्हणजे माझे यजमान, देवावर भरवसा ठेवून निघाले आणि मी त्यांच्यावर. तिथे आम्हाला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आणि तळमजल्यावर उपासनेसाठी हॉल. हॉलमध्ये खुर्च्या रग्गड होत्या. चर्चची मंडळी म्हणा की घरची मंडळी म्हणा, पहिले कित्येक महिने दोन्ही मीच.

इमारतीची झाडलोट, पाणी, दिवे, किल्ल्या, सगळं एका बाईकडे होतं. साठीच्या आसपासची, हाडापेराने मजबूत, तोंडाने मुकी म्हणावी अशी. ती जिना वरून खाली धुवायची, एकेक पायरी, कोपऱ्यात ब्रश घालून. ओल्या पायरीवर कुणी पाय टाकला की नुसती बघायची. तिच्या त्या बघण्याने वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब दोन दोन पायऱ्या टाळून उड्या मारत जायचे. तिकडे एकूणच बोलणं बेताचं. शेजाऱ्याला सहज "कुठे निघालात?" म्हटलं तर तो चोरी पकडल्यासारखा बघणार. आणि मला बोलल्याशिवाय अन्न पचत नाही.

मी भाषेची शिकवणी लावली. नात्यांचे शब्द शिकले त्या दिवशी अगदी खुशीत घरी परतले. दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या, आणि जिन्यात ही बाई. आता आपण भाजीवालीला, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला काय म्हणतो? मावशी. त्या भाषेत मावशीला वेगळा शब्द नाही, 'आईची बहीण' असंच म्हणतात. मी मनातल्या मनात जुळवलं आणि म्हटलं, "माझ्या आईच्या बहिणी, जरा वाट द्या ना."

तिचा ब्रश थांबला. तिने मला पुन्हा म्हणायला लावलं. उच्चार चुकला असेल म्हणून मी आणखी मोठ्याने म्हटलं. मग तिने विचारलं, कोणाची बहीण? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, माझ्या आईची. तिने हात एप्रनला पुसले, माझ्या पिशव्या उचलल्या आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवल्या.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात राज्य तिचं. खिडक्यांच्या फटींत तिने कापडाच्या पट्ट्या ठोकून बसवल्या. माझ्या कोटाचं तुटलेलं बटण न विचारता लावलं. दुधाचा वास घेऊन ते ओतून टाकलं आणि मला झापलं, सख्ख्या मावशीने झापावं तसं. रविवारी ती पहिल्या रांगेत येऊन बसली. देवाधर्माशी आपलं देणंघेणं नाही, हे तिने पाळकसाहेबांना तोंडावर सांगितलं. पण भाचीचा नवरा बोलणार आणि खुर्च्या रिकाम्या, हे बरं दिसत नाही. पुढच्या रविवारी ती वकीलसाहेबांनाही घेऊन आली. त्यांची काय बिशाद नाही म्हणायची. मी थक्क होऊन बघत राहायचे. एवढा एक शब्द, आणि त्यावर ही बाई उठून कामालाच लागली होती.

उलगडा शिकवणीच्या बाईंनी केला. तिकडे परक्या माणसाला कुणी नात्याने हाक मारत नाही. मारली तर ते खरंच नातं समजतात. आणि हिला नातं असं नव्हतंच. तान्ही असताना कुणीतरी तिला अनाथाश्रमाच्या दारात ठेवून गेलं होतं. आई कोण, भावंडं होती का, काही पत्ता नाही. सगळ्या गल्लीला हे माहीत होतं. घरी येऊन मी हे सगळं पाळकसाहेबांना सांगितलं.

हे म्हणाले, सांगायला हवं, खोट्यावर मंडळी उभी राहत नाही. मी म्हणाले, मावशी म्हणणं खोटं असेल तर आपल्याकडची निम्मी माणसं नरकात जातील. आमचं चांगलंच वाजलं. पण माझ्याही गळ्याशी आलं होतं. ती रोज माझ्या आईबद्दल विचारायची. उंच आहे का, हसते कशी, गुडघे दुखतात का? आणि दुखतात म्हटलं की स्वतःच्या गुडघ्यांकडे बघायची. हे मला सहन होईना.

एका दुपारी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि तोडक्यामोडक्या भाषेत सांगून टाकलं. आमच्याकडे कुणालाही असं म्हणतात, मान म्हणून, माया म्हणून. माझ्या आईने तुम्हाला कधी पाहिलेलंही नाही. पाळकसाहेब शेजारी मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, ही आता जिन्यावर जाईल आणि उद्यापासून आमच्याकडेही नुसती बघेल.

"कुणालाही म्हणता?" तिने विचारलं.

"हो."

"मग त्या बायका काय करतात?"

काय करतात? कुणी बसायला सरकून जागा देतं, कुणी कोथिंबिरीच्या चार काड्या जास्त टाकतं. मी तसं सांगितलं. ती यांच्याकडे वळून म्हणाली, "बहीण आहे की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं नाही. जिची बहीण तिला विचारा."

मी आईला फोन लावला आणि सगळं भडाभडा सांगितलं. आई मध्ये एकदाही बोलली नाही, आणि हा काही तिचा स्वभाव नाही. समोर ही उभी होती. तिने एप्रन काढून ठेवला होता, केसांवरून ओला हात फिरवला होता. फोनमधून कुणाला दिसणार होतं? पण मला हसू आलं नाही.

माझं सांगून झालं. आई म्हणाली, "माझ्याहून थोरली की धाकटी?"

मला कळेना.

"अगं, हाक काय मारू तिला? विचार की."

मी विचारलं आणि तिचा चेहरा उतरला. जन्माची तारीख आश्रमाने अंदाजाने लावलेली, खरं वय तिला ठाऊक नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली, गुन्हा कबूल करावा तशी. मला वाटलं, संपलं सगळं. मी आईला तेच सांगितलं.

"मग थोरलीच धरू," आई म्हणाली. "पाच भावंडांत थोरली होऊन जन्म गेला माझा. मलाही कुणी मोठं असू दे. दे तिला फोन."

मी फोन तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. इतक्या लांबून, पण मला स्पष्ट ऐकू आलं. आईचा असा लहान आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"ताई?"

तो शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. तरी तिने ओ दिली.