साहेबांचं नीटनेटकं ठाणं

आमच्या गावच्या पोलीस ठाण्यासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. ठाण्यात शिरण्याआधी माणूस अर्ज टाईप करायला माझ्याकडे येतो, आणि बाहेर पडल्यावर डोकं थंड करायला माझ्याच बाकड्यावर बसतो. त्यामुळे एवढ्या वर्षांतले सगळे साहेब मी जवळून पाहिले. शिव्या देणारे पाहिले, दुपारीच दारूचा वास येणारे पाहिले, दिवसभर फोनवर प्लॉटचे भाव विचारणारे पाहिले. पण मनापासून कीव यावी आणि किळसही यावी, असा एकच भेटला. सहायक पोलीस निरीक्षक सुदर्शन हंगरगेकर. तो पैसे खात नव्हता, दारूला शिवत नव्हता, कुणाला अरेतुरे करत नव्हता. हे सगळं मला मान्य आहे.

सुदर्शन निलंग्याकडचा. घरची बागायती, वडील जुन्या वळणाचे, मुलानं वर्दी घालावी एवढीच त्यांची हौस. लातूरला खोली करून त्यानं स्पर्धा परीक्षेची तयारी केली. त्या खोलीच्या भिंतीवर चार रंगांच्या पेनांनी आखलेलं वेळापत्रक होतं. तो स्वतःच कौतुकानं सांगायचा, "वेळापत्रक बघायला बाजूच्या खोल्यांतली पोरं यायची." अभ्यास बघायला कुणी आल्याचं मात्र त्यानं कधी सांगितलं नाही. दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा लागला. आणि लागला तो वेळापत्रकामुळेच, असा त्याचा ठाम समज झाला.

आमच्याकडे बदलून आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यानं ठाण्याचा कायापालट केला. भिंतींना फिकट निळा रंग. दारात कुंड्या. कपाटात फायलींना लाल, हिरवे, पिवळे पुठ्ठे. येणाऱ्या माणसाला नंबरचं टोकन. आणि आत शिरल्याबरोबर समोर काचेत बसवलेला मोठा फलक : कोणतं काम कोणाकडे. हरवलेल्या माणसांचं काम हवालदार मल्लिनाथ यांच्याकडे. पुढे मल्लिनाथची बदली नांदेडला झाली, त्यालाही सहा-सात महिने होऊन गेले. फलक तसाच राहिला, कारण काच काढली असती तर कोपऱ्यातली नक्षी फुटली असती. शिपायांपैकी दोघं सकाळी कुंड्यांना पाणी घालायला, एक जण फोटो काढायला. उरलेल्यांनी गावाचं पोलीसपण सांभाळायचं.

मी एकदा म्हणालो होतो, "साहेब, ते मल्लिनाथचं नाव बदला की."

तो हसून म्हणाला, "रचना महत्त्वाची असते. माणसं येतात-जातात."

एवढं मूर्ख वाक्य इतक्या शांतपणे बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बौद्धवाड्यातला केरबा एका सकाळी टोकन हातात धरून ठाण्यात बसला होता. साठी ओलांडलेला, दोन एकर कोरडवाहू करणारा, अबोल माणूस. त्याची बायको चांगुणा दोन वर्षांपासून विसरत चालली होती. चुलीवरचं दूध विसरायची, नातवंडांची नावं विसरायची. आदल्या दिवशी दुपारी ती घरातून निघाली ती परतलीच नव्हती. फाट्यावरच्या पानवाल्यानं तिला एसटीत चढताना पाहिलं होतं. गाडी कुठली, ते त्यालाही आठवत नव्हतं.

"लई हिंडलो साहेब," केरबा म्हणाला. "मुखेडला गेलो, जांबला गेलो. कुटंच न्हाई."

साहेबांनी त्याला फलक दाखवला. "हरवलेल्यांचं काम मल्लिनाथकडे आहे."

"ते कुटं हायत?"

"येतील. तुम्ही फोटो द्या आणि अर्ज नीट टाईप करून आणा. हातानं लिहिलेला आम्ही घेत नाही."

अर्ज मीच टाईप केला. ठाण्यातल्या एका शिपायानं तो घेतला, हरवल्याची नोंद केली आणि अर्ज पिवळ्या पुठ्ठ्यात घातला. पुढे कुणी काय करायचं, हे त्या ठाण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. शिपायाला वाटलं साहेब बघतील. साहेबांना वाटलं मल्लिनाथ बघेल. मल्लिनाथ नांदेडला रेल्वे स्टेशनच्या बंदोबस्तावर उभा होता.

केरबा मात्र थांबला नाही. तो रोज मुखेडच्या बसस्थानकात जायचा आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला बायकोचा फोटो दाखवायचा. चौकशीच्या खिडकीतल्या नियंत्रकाला तो इतका ओळखीचा झाला, की नियंत्रकच लांबून मान हलवून सांगायचा, नाही म्हणून. केरबाची मुलगी शिल्पा सासरहून आली होती. ती ठाण्यात विचारायला जायची आणि टोकन घेऊन परत यायची. "नंबर येतो, पर माणूसच ऱ्हात न्हाई तिथं," ती माझ्या बाकड्यावर बसून म्हणायची.

जवळजवळ तीन आठवड्यांनी त्या नियंत्रकाला लातूरहून फोन आला. बोलणारी सुकन्या नावाची महिला पोलीस होती. तिच्या हद्दीत रस्त्याकडेला बसलेली एक म्हातारी सापडली होती. नाव सांगत नव्हती, फक्त 'मुखेडचा बाजार' एवढंच बोलत होती. पोलिसांकडून काही हाती लागेना, म्हणून सुकन्यानं शेवटी बसस्थानक गाठलं होतं. नियंत्रकानं तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "हाय, हाय! तिचा नवरा आत्ता हितंच बसून राहिलाय."

केरबा, शिल्पा आणि मी लातूरला गेलो. चांगुणाबाई दवाखान्यात होती. सापडल्यावर तिला निराधार बायकांच्या निवाऱ्यात ठेवलं होतं. तिथली माणसं चांगली होती, पण ही उठून पुन्हा पुन्हा फाटकाकडे जायची. एकदा अशीच कुणाचं लक्ष नसताना निघाली, पायरीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. केरबाला बघून ती म्हणाली, "जेवलास का?" बस, तेवढंच. केरबानं तोंडाला पंचा लावला आणि खिडकीकडे वळला.

मी सुकन्याला विचारलं, "बाई, आमच्या ठाण्याला कळवलं नव्हतं का?"

तिनं मोबाईल पुढे केला. आसपासच्या ठाण्यांतल्या पोलिसांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. चांगुणाबाई सापडली त्याच संध्याकाळी सुकन्यानं तिचा फोटो टाकला होता. खाली मजकूर : मुखेड भागातली वाटते, कुणाकडे हरवल्याची नोंद आहे का? त्या फोटोला एकच अंगठा होता. सुदर्शन हंगरगेकर.

"अंगठा आला, मला वाटलं तुमच्याकडून कुणीतरी निघालं असेल," सुकन्या म्हणाली. "म्हणून मी वाट बघत राहिले. आठवडा झाल्यावर साहेबांना फोन केला, तर शिपाई म्हणाला, साहेब वरिष्ठांच्या पाहणीच्या तयारीत आहेत. आजी पडल्या त्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

फोटो टाकला त्या वेळी केरबाचा अर्ज पिवळ्या पुठ्ठ्यात होता, म्हणजे साहेबांच्या खुर्चीपासून हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर.

चांगुणाबाईला घरी आणल्यावर दुसऱ्याच सकाळी ठाण्यातून निरोप आला. केरबाला बोलावलं होतं. मीही गेलो. बघतो तर खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर पुष्पगुच्छ आणि घडीची साडी, मागे फलक : हरवलेल्या वृद्धेचा यशस्वी शोध. फोटोवाला शिपाई तयार. साहेबांची वर्दी इस्त्रीची, मिशा नीट कातरलेल्या.

"या, या. इथं उभे राहा. उजेड इकडून आहे."

केरबा उभा राहिला, पण दाखवलेल्या जागी नाही. म्हणाला, "साहेब, तुमी अंगठा कशापायी दाबला?"

"कुठला अंगठा?"

"लातूरच्या बाईनं फोटू धाडला हुता, त्याच्यावर."

सुदर्शन जरासुद्धा गोंधळला नाही. उलट त्याचा चेहरा खुलला. "ते होय! नोंद घेतली म्हणून. ग्रुपवर एकही मेसेज मी पेंडिंग ठेवत नाही."

"आन् माझी बायकू?"

शिपायानं मोबाईल खाली घेतला. साहेबांच्या कपाळावर एक आठी आली, पण ती लाजेची नव्हती. कार्यक्रम लांबत चालल्याची होती. केरबानं साडीला हात लावला नाही. तो बाहेर पडला आणि कुंड्यांच्या रांगेतून सरळ रस्त्यावर आला. मागून मला ऐकू आलं, "गुच्छ पाण्यात ठेवा रे, दुपारी शाळेत कार्यक्रम आहे."

शिल्पानं वर तक्रार केली. तीही मीच टाईप केली. चौकशीला एक अधिकारी आले. त्यांना टोकन मिळालं, चहा मिळाला, रंगीत पुठ्ठे दाखवले गेले. साहेबांना तोंडी समज दिली, असं कळलं. त्याच वर्षी आमच्या ठाण्याला स्वच्छता आणि नियोजनाचं बक्षीस मिळालं आणि सुदर्शन हंगरगेकर नांदेडला गेला. आता तो नव्या पोरापोरींसमोर व्याख्यान देतो. विषय : पोलीस कामात नियोजनाचं महत्त्व. आमच्याकडचा एक शिपाई ऐकून आला. म्हणाला, पडद्यावर आपल्या ठाण्याचे फोटो दाखवतात, कुंड्या, पुठ्ठे, फलक. सगळे टाळ्या वाजवतात.

मला त्या माणसाचा राग येत नाही. राग यायला समोर माणूस लागतो. सुदर्शनच्या ठाण्यात प्रत्येक वस्तू जागेवर होती. जागेवर नव्हता तो फक्त साहेब, आणि हे त्याला आजतागायत कळलेलं नाही. कळणारही नाही, कारण त्याला ते कुठल्या रंगाच्या पुठ्ठ्यात घालायचं, हा प्रश्न पडेल.

परवा केरबाच्या घरी गेलो होतो. व्याख्यानाची गोष्ट सांगावी म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. चांगुणाबाई बाजेवर होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला वरचेवर कुशीवर वळवावं लागतं. शिल्पा सासरी परतली होती, केरबाला एकट्याला जमत नव्हतं.

"जरा त्या अंगानं धरा," तो म्हणाला.

मी धरलं.