सुनंदाची पत्रिका

प्रिंटिंग प्रेसमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. अठ्ठावीस वर्षं झाली, पैठण गेटजवळच्या एका गल्लीत मी लोकांच्या फाइली छपाईसाठी नीट करतोय. रोजचा किस्सा जेवताना सुनंदाला सांगायचा आणि तिनं ठसका लागेपर्यंत हसायचं, असं आमचं चाललं होतं. सुनंदाला जाऊन आता अकरा महिने झाले. तिच्या पहिल्या पुण्यस्मरणाची पत्रिका मलाच करायचीय. लोकांची पत्रिका मी तासाभरात करतो. हिची काही होईना. मुलगी पुण्याहून फोन करते, "बाबा, आईची पत्रिका झाली का?" मी म्हणतो, "प्रूफला आहे." साफ खोटं! आणि किस्से सांगायला घरी कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

*

चितेगावचे एक उमेदवार. वीस फुटी बॅनर पाहिजे म्हणाले आणि व्हॉट्सॲपवर नखाएवढा फोटो पाठवला. तो ताणला तर तोंडाचे नुसते चौकोन!

म्हटलं, "दादा, फोटो फाटतोय. मोठा पाठवा."

"आवो, मोबाइलमधी तर मी चकाचक दिसायलोय!"

"मोबाइल वीस फुटी नाही ना दादा!"

"ऱ्हाऊ द्या तसाच. निवडून आल्यावर तरी मला जवळून कोण बघणारंय!"

एवढा खरं बोलणारा उमेदवार मी दुसरा पाहिला नाही. पडले बिचारे.

*

शेंद्र्याच्या एक मावशी आहेत, बचत गटाचं लोणचं विकतात. लेबल छापून घ्यायला आल्या. स्क्रीनवर मिरची लालभडक, कागदावर आली की जरा मळकट. त्यांना समजावलं, की स्क्रीनचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा, दोन्ही सारखे येत नाहीत. मावशींनी ऐकून घेतलं आणि पिशवीतून बरणी काढून टेबलावर आदळली.

"ही मिरची अन् ही तुमची मिरची. सारखी हाय का?"

"मावशी, शाईत एवढा लाल बसत नाही हो."

"आधी खा, मग सांगा!"

खाल्लं. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मावशी म्हणाल्या, "दिसला का आता लाल?"

बरणी मला देऊन गेल्या. रात्री ताटात घेतलं, पुन्हा ठसका लागला. पाणी आणायला स्वतःच उठलो.

*

एका लग्नपत्रिकेची फाइल बाहेरून तयार होऊन आली. कडेला मोकळी जागा सोडायची असते, कटिंग मशीन थोडं इकडंतिकडं होतं. ह्यांनी अगदी काठावर ओळ टाकलेली, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं! चिमी.' मी दुसऱ्या तंद्रीत होतो, फाइल तशीच सोडली. चारशे पत्रिकांवर 'यायचं हं' राहिलं, चिमी उडाली!

चिमीची आई तणतणत आली. "पोरगी सकाळधरनं रडायलीय! तिचं नाव कुठंय?"

चूक माझीच होती. मशीनमन सलीमभाई आणि मी रविवारी बसलो आणि चारशे पत्रिकांवर पेनानं 'चिमी' लिहिलं.

सलीमभाई वैतागले, "क्या भाऊ, सुट्टी का सत्यानाश!"

मला मात्र बरं वाटलं. हल्ली रविवार जाता जात नाही.

*

गिऱ्हाइकानं प्रूफवर सही केल्याशिवाय आम्ही छापत नाही. एका रिटायर्ड गुरुजींकडं स्मरणिकेचं प्रूफ पाठवलं. तीन दिवसांनी परत आलं. खाली सही, आणि शेजारी लाल पेनात, 'दहापैकी सात. अक्षर सुधारावे.'

*

शेवटी आठच दिवस राहिले, तेव्हा सुनंदाची फाइल उघडली. तिचा एकच चांगला फोटो. पंधरा वर्षांपूर्वी प्रेसची सहल दौलताबादला गेली होती, तिथं सलीमभाईंनी काढलेला. "कंधे पे हाथ रखो भाऊ, शरमाते कायकू!" असं ओरडून त्यांनी मला तिच्या खांद्यावर हात ठेवायला लावला होता.

आता, पुण्यस्मरणाचे फोटो असेच येतात, लग्नातले, सहलीतले. गेलेल्या माणसाच्या खांद्यावर कुणाचा ना कुणाचा हात असतोच. तो काढायचा, साडी जुळवायची, मागं निळं आभाळ टाकायचं. शेकडो हात काढलेत मी. त्याच सवयीनं, काही कळायच्या आत, हाही काढला आणि त्याच फाइलवर सेव्ह करून कॉम्प्युटर बंद केला. फोटोची सीडी केव्हाच खराब झालेली.

सकाळी सलीमभाईंनी प्रूफ हातात घेतलं.

"भाऊ, हाथ किधर गया?"

धावत जाऊन फाइल उघडली, मूळ फोटो गेलेला. लोकांना रोज ओरडतो, मूळ फाइल जपून ठेवा म्हणून! पन्नाशी उलटलेला माणूस, प्रेसमध्ये सगळ्यांदेखत रडलो.

सलीमभाईंनी मला उठवून खिडकीच्या उजेडात नेलं, माझा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि मोबाइलवर फोटो काढला. दुपारभर बसून तो हात मी तिच्या खांद्यावर बसवला.

प्रेसच्या मालकांनी, शेठनं, नवीन प्रूफ पाहिलं. चष्मा वर केला, खाली केला.

"अरे, वहिनी पस्तिशीच्या अन् हात लई म्हातारा दिसायलाय. शिरा दिसायल्यात. जरा साफ कर की!"

"राहू द्या शेठ. एवढ्या दिवसांनी ठेवलाय, म्हातारा दिसणारच!"