रूथताईंचा आनंद बघायला शिरूरला, सांगायला दौंडला

शिरूर आणि दौंडला कुणी सहलीला जात नाही. माझ्या ओळखीत जो कोणी गेला तो लग्नाला, मयताला नाहीतर कोर्टाच्या तारखेला गेला. मी मात्र गेल्या जानेवारीत तिथे आनंदावर भाषण द्यायला गेले. तुम्हाला कधी जावं लागलं तर उपयोगी पडावी म्हणून बसची, रेल्वेची आणि खाण्यापिण्याची माहिती मधे मधे देते आहे. बाकीची माझी फजिती आहे, ती फुकट.

आधी माझ्याबद्दल सांगायला हवं. मी पुण्यात शाळेत शिकवते आणि सहा वर्षं आमच्या चर्चच्या मासिकात एक पान लिहीत होते. शास्त्रातला एक भाग घ्यायचा आणि त्यावरून रोजच्या जगण्यात आनंद कसा शोधावा ते सांगायचं, असं ते पान. गॅस संपला, रिक्षावाल्याने हुज्जत घातली, दळणात खडे निघाले, कशातूनही मी चौथ्या परिच्छेदापर्यंत आनंद काढून दाखवायचे. आमचे हे, म्हणजे दानिएल, एकदा म्हणाले होते, "तुझ्या पानावर कुणाचं दुःख पाचव्या परिच्छेदापर्यंत टिकलेलं मी बघितलं नाही." मी ते कौतुक समजले होते.

नोव्हेंबरच्या अंकात मी रूथताईंवर लिहिलं. रूथताई ह्यांच्या मोठ्या आतेबहीण. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. नवरा चार वर्षांपूर्वी वारला, मूलबाळ नाही, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. शास्त्रातली रूथही विधवा, आणि तिनेही सासूला सोडलं नाही. नावासकट सगळं जुळत होतं. असा योग लिहिणाऱ्या बाईने सोडावा तरी कसा? खडकीच्या एका लग्नात जेवणाच्या रांगेत आम्ही दहा मिनिटं भेटलो होतो. मी विचारलं, "कसं चाललंय?" त्या "चाललंय" म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसण्यावर मी अख्खं पान लिहिलं. त्यात रूथताई पहाटे चारला उठत होत्या, सासूच्या चादरी धुताना स्तोत्रं गात होत्या आणि दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत होत्या. गावाचं नाव तेवढं मी घातलं नाही. माझी भीड तिथेच संपली.

लेख गाजला. दौंडच्या महिला मंडळाने जानेवारीतल्या एका रविवारी त्याच विषयावर बोलायला बोलावलं. त्याच आठवड्यात रूथताईंचा फोन आला. "वहिनी, लेख वाचला. दौंडला येताय म्हणं. मग आदल्या दिवशी माझ्याकडं मुक्कामाला या. येताना एक जुनी साडी आणा."

"जुनी साडी कशाला?" ह्यांनी विचारलं.

"खेड्यात धूळ असते," मी म्हणाले.

शनिवारी सकाळी शिवाजीनगरहून नगरकडे जाणारी एसटी पकडली. दर अर्ध्या तासाला एक असते. दोनशेची नोट दिली की शिरूरपर्यंतचं तिकीट काढून कंडक्टर सुटे परत देतो, म्हणजे त्याच्याकडे असले तर. डावीकडे बसू नका, ऊन येतं असं सांगणार होते, पण उजवीकडेही येतं. वाघोली सुटली की शेतं लागतात आणि शिक्रापूरला परत शहर लागतं. चौकात ट्रकांची रांग एवढी होती की आमची बस वीस मिनिटं एका जागी उभी राहिली. लोक उतरून भजी खाऊन परत आले. भजी चांगली होती, चहा मात्र नुसता गोड. माझ्याशेजारी कंपनीचा बिल्ला गळ्यात घातलेला एक कामगार बसला होता. रात्रपाळी करून आलेला. त्याने माझ्या खांद्यावर डोकं टाकून रांजणगावपर्यंत झोप काढली. भाषणाच्या कागदावर मी लगेच लिहून ठेवलं : विश्वासाने विसावणं. सवय होती ती मला.

रांजणगावच्या कारखान्यांच्या पुढे हायवेला लागूनच रूथताईंची वस्ती आहे. घर पत्र्याचं पण ऐसपैस. मागच्या तीन खोल्यांत बिहारकडचे कामगार भाड्याने राहतात. रूथताई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, चहा दिला आणि विचारलं, "साडी आणली का?"

"आणलीय."

"मग बदला. आईचं अंथरूण बदलायचंय."

सासूबाईंचं नाव सगुणाबाई. वय ऐंशीच्या पुढे, हाताची हाडं दिसतात, पण आवाज खणखणीत. मला बघून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "ही फवारणीवाली हाय. हिला आत कुणी घेतली? मागच्या टायमाला पिठात औषध मारून गेली."

"मलेरियाची बाई समजतात तुम्हाला," रूथताई म्हणाल्या. "पाय धरा. असे न्हाई, गुडघ्याखाली धरा."

पुढचा पाऊण तास मी सविस्तर सांगत नाही. ओली चादर ओढून काढायची, अंग पुसायचं, पाठीला पावडर लावायची, कोरडी चादर सारायची. या सगळ्यात माणूस कूस बदलेल तसा आपण श्वास धरायचा. मी दोनदा बाहेर जाऊन आले. सगुणाबाई तेवढा वेळ मला, माझ्या फवारणीला आणि सरकारला शिव्या देत होत्या. मग आम्ही चादरी घेऊन मागे धुण्याच्या दगडावर गेलो. मी घासत होते, रूथताई पिळत होत्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "गा की."

मी चादर आणखी जोरात घासू लागले.

"लेखात लिवलंय ना, मी धुताना गाते. मला तर धाप लागती. म्हणलं तुम्हाला येत आसंल."

"ताई, माझ्या मनात वाईट नव्हतं."

"वाईट कुठं लिवलं तुम्ही. चांगलंच लिवलं. त्येच वाईट झालं." त्यांनी चादर दोरीवर टाकली. "शास्त्रातली सासू बेथलेहेमपर्यंत चालत आली. माझी संडासापर्यंत येत न्हाई. त्या रूथला शेवटी बवाज मिळाला, शेतीवाडीवाला नवरा. मला तीन भाडेकरू मिळाले."

मी हसले, आणि हसल्यावर कळलं की त्या हसत नव्हत्या.

"ह्ये गेले तवा आठ महिने मी चर्चची पायरी चढले न्हाई," त्या म्हणाल्या. "प्रार्थनाच यायची न्हाई तोंडातनं. आठ महिन्यांत एक माणूस विचारायला आला न्हाई, रूथ कुठं हाय म्हणून. आन् तुमच्या लेखात मी पहिल्या बाकावर. लेख वाचून गावातल्या दोघीतिघी म्हणाल्या, 'तुझं बरं हाय बाई, तुला काय जड जात न्हाई.' आधी अधनंमधनं एखादी येऊन बसायची आईपाशी. आता न्हाई येत. ज्या बाईला गाणं सुचतंय तिला मदत कशाला?"

मी उरलेल्या चादरी धुतल्या.

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. पुण्यात ज्याला गावरान म्हणून विकतात त्याच्याशी याचा काही संबंध नाही. जेवताना मी म्हणाले, "उद्या तुमचं नाव घेत नाही. विषय बदलते."

"बदलू नका," रूथताई म्हणाल्या. "मीबी येते ऐकायला."

सकाळी रूथताई सहाला उठल्या, कारण पाणी सहाला येतं. शेजारच्या हौसाक्का सगुणाबाईंपाशी बसायला आल्या. धनगराच्या बाई, साठीच्या, पूर्वी मेंढरांमागे फिरलेल्या, आता शेती करतात. "जा गं तू बिनघोर," त्या रूथताईंना म्हणाल्या. "म्हातारीनं शिव्या दिल्या तर मीबी दीन. आमचं जमतंय." सहा महिन्यांतून कधीतरी बसतात म्हणे अशा. देवाची माणसं कोण यावर मी दोनदा लिहिलं आहे. त्यात हौसाक्का बसत नव्हत्या.

दौंडला थेट गाडी मिळाली तर नशीब. आम्ही शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणारी एसटी घेतली. सगळा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांमागून. चौफुल्याला उतरून दौंडची जीप धरली. जीपमध्ये दहाजण बसतात असं वाटत असेल तर तुम्ही चौदावे असता. रूथताई लवंग तोंडात धरून खिडकीबाहेर बघत होत्या. मी मनातल्या मनात देवाशी घासाघीस करत होते. एखादं टायर पंक्चर होऊ दे, एवढंच मागणं होतं. जीप पंधरा मिनिटं आधी पोचली.

दौंड रेल्वेचं गाव. चर्च जुनं, दगडी, आणि इंजिनाने शिट्टी मारली की उपदेश थांबवावा लागतो, इतकं रुळांच्या जवळ. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी मला गुच्छ दिला आणि फळ्याकडे बोट केलं. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं : अश्रूंतून आनंदाकडे. खाली माझं नाव. रूथताई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. त्या कोण आहेत हे कुणी विचारलं नाही.

मी कागद उघडला. पहिलं वाक्य होतं, पहाटेचे चार वाजले आहेत. समोर साठेक बाया, बऱ्याचशा हातात वही घेऊन. मी ते वाक्य वाचलं आणि थांबले. मग म्हणाले, "हे खरं नाही. त्या सहाला उठतात. मी हा लेख लिहिला तेव्हा त्यांचं घर बघितलं नव्हतं."

बायांनी सहा लिहून घेतलं.

मी पुढे बोलत राहिले. स्तोत्रं मी रचली, पहिला बाक मी रचला, एका थकलेल्या बाईच्या हसण्यावरून मी आनंद रचला, आणि त्यामुळे तिच्या मदतीला येणारी माणसं यायची थांबली. मधेच मालगाडी आली. ती जाईपर्यंत मी तशीच उभी राहिले. कुठली दीड-दोन मिनिटं असतील, पण शाळेतल्या इतक्या वर्षांत मी एवढा वेळ गप्प उभी राहिले नव्हते. शेवटी मी म्हणाले, "एवढंच आहे," आणि खाली बसले. चाळीस मिनिटांचं भाषण नऊ मिनिटांत आटोपलं.

अध्यक्षबाई उठल्या. "आजच्या वक्त्या किती नम्र आहेत ते आपण पाहिलं," त्या म्हणाल्या. "एवढा सुंदर लेख लिहूनही त्या श्रेय घेत नाहीत. लेखाच्या झेरॉक्स दाराशी ठेवल्या आहेत."

मी शेवटच्या बाकाकडे बघितलं. रूथताईंनी पदर तोंडाला लावला होता. त्यांचे खांदे हलत होते. रडत नव्हत्या. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच मी त्यांना हसताना बघत होते.

जेवण मात्र मंडळाने झकास ठेवलं होतं. मटणाचा रस्सा आणि भात, आग्रह करकरून. पंगतीत मी रूथताईंची ओळख करून दिली. एक बाई त्यांच्याकडे बघत राहिली, मग हातातली झेरॉक्स बघितली आणि म्हणाली, "तुम्ही त्या नसाल. लेखातल्या बाई वेगळ्या असणार."

"आसंल," रूथताई म्हणाल्या. "तुम्हाला भेटल्या तर सांगा, आठ दिवस माझ्याकडं येऊन ऱ्हावा म्हणावं. मी जरा बहिणीकडं जाऊन येते."

सगळ्या हसल्या. मीही हसले. स्टँडवर त्यांना शिरूरकडची गाडी लागेपर्यंत थांबले तेव्हा विचारलं, "ताई, खरंच जायचंय का बहिणीकडे?"

"श्रीरामपूरला असती. चार वर्षं झाली, गेले न्हाई." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "पण तुमच्यानं व्हायचं न्हाई वहिनी."

मी दौंडहून पुण्याची पॅसेंजर धरली. दोन चहा आणि एका वड्याच्या पैशात पुणं, फक्त वेळेचा हिशेब ठेवायचा नाही. संपादकांना दुरुस्तीचा मजकूर दिला. ते म्हणाले, "छापला तर वाचकांचा विश्वास डळमळेल." मी म्हणाले, "कुणावरचा?" त्यांनी दुरुस्ती छापली नाही, मग मीही पान लिहायचं थांबवलं. लेकीने हा ब्लॉग काढून दिला. हा मजकूर टाकण्याआधी मी रूथताईंना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

मे महिन्यात सुट्टी लागल्यावर मी आठ दिवस त्यांच्याकडे गेले. रूथताई श्रीरामपूरला. पत्र्याखालचा मे महिना काय असतो ते सांगत नाही, जायची इच्छाच मरेल तुमची. पहिले तीन दिवस मी फवारणीवाली होते. चौथ्या दिवशी सगुणाबाईंनी माझ्या हातून अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय." मी जाऊन मीठ आणलं. पाचव्या दिवशी मी मागे जाऊन रडले, कारण पाठ मोडली होती आणि त्यांनी धुतलेली चादर परत ओली केली होती. हौसाक्का आल्या, त्यांनी बादली उचलली आणि मला म्हणाल्या, "तू बस घटकाभर." मी बसले.

आठव्या दिवशी रूथताई परत आल्या. चेहरा भरला होता. पिशवी खाली ठेवून त्या आधी सासूपाशी गेल्या, पाठीवरून हात फिरवून बघितला, जखम नाही ना. मग मला म्हणाल्या, "न्हाई व्हायचं असं वाटलं होतं. झालं." एवढंच. चहा टाकायला आत गेल्या.

घरी आल्यावर ह्यांनी ताट वाढलं. संध्याकाळच्या प्रार्थनेला मी बसले. एरवी माझ्या प्रार्थनेला सुरुवात, मध्य आणि समारोप असतो आणि हे तोवर जांभई आवरतात. त्या दिवशी मी रूथताईंचं नाव घेतलं, सगुणाबाईंचं घेतलं, हौसाक्कांचं घेतलं. पुढे काही सुचलं नाही. मी बराच वेळ तशीच बसून राहिले, आणि ह्यांनी आमेन म्हटलं.